केल्टिक देव, देवी आणि वीर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आयर्लंड आणि वेल्सच्या पुराणकथांवर मराठीत लिहू लागल्यापासून काही प्रश्न पुन्हा पुन्हा येत राहिले. ते इथे एकत्र केले आहेत. सोपे प्रश्न आधी आहेत, गुंतागुंतीचे नंतर. एका उत्तरातला मुद्दा दुसरीकडे सविस्तर आला असेल तर त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. केल्ट म्हणजे आयरिश लोकच ना?

आयरिश लोक त्यांच्यापैकी एक. केल्टिक हे मुळात एका भाषाकुळाचे नाव आहे. इसवी सनापूर्वीच्या शेवटच्या काही शतकांत या कुळातल्या भाषा स्पेनपासून आजच्या तुर्कस्तानातल्या अंकाराच्या परिसरापर्यंत बोलल्या जात होत्या. ग्रीकांनी या लोकांना ‘केल्टोई’ म्हटले. रोमन लोक फ्रान्सच्या बाजूच्या केल्टांना ‘गॉल’ म्हणत. या साऱ्यांचा एक राजा नव्हता, एक राज्य नव्हते आणि एक धर्मग्रंथही नव्हता. आज या कुळातल्या सहा भाषा उरल्या आहेत: आयरिश, स्कॉटिश गेलिक, मँक्स, वेल्श, कॉर्निश आणि ब्रेटन. त्यांतल्या मँक्स आणि कॉर्निश बंद पडल्या होत्या, त्या लोकांनी कष्टाने पुन्हा बोलत्या केल्या.

त्यामुळे ‘केल्टिक पुराणकथा’ हा शब्द आपण सोयीसाठी वापरतो. त्याखाली वेगवेगळे साहित्य येते. गॉलमध्ये मूर्ती आणि शिलालेख आहेत, पण कथा नाहीत. आयर्लंडमध्ये कथा भरभरून आहेत, पण त्या देवांच्या मूर्ती जवळजवळ नाहीत. वेल्सच्या कथा थोड्या आहेत आणि त्यांतले देव राजे-राण्यांच्या वेशात आले आहेत.

२. कोण कशाचा देव, अशी ग्रीक देवांसारखी यादी मिळेल का?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त वेळा येतो. अशी यादी खरीखुरी नाही. इंटरनेटवर ‘लू: सूर्यदेव, मॉरिगन: युद्धदेवी, दानू: मातृदेवी’ असे तक्ते फिरतात, ते नंतरच्या लोकांनी ग्रीक साच्यात ओतून केलेले आहेत.

ज्युलियस सीझरने गॉलच्या युद्धाच्या वृत्तांतात लिहिले आहे की गॉल लोक सर्वांत जास्त मर्क्युरीला भजतात, त्यानंतर अपोलो, मार्स, ज्युपिटर आणि मिनर्व्हा यांना. ही सगळी रोमन नावे. स्थानिक लोक त्या देवांना काय म्हणत, हे त्याने सांगितलेच नाही. लुकन या रोमन कवीने तीन नावे दिली: टेउटाटेस, एसुस आणि टारानिस. १७११ साली पॅरिसच्या नोत्र दाम चर्चखाली नावाड्यांनी उभारलेला एक दगडी स्तंभ सापडला. तो सम्राट टायबेरियसच्या काळातला आहे. त्यावर शिंगे असलेल्या एका देवाची मूर्ती आहे, शिंगांत कडी अडकवलेली आहेत आणि वर केरनुनोस हे नाव कोरलेले आहे. या देवाची कथा मात्र एकही उरलेली नाही.

गॉल आणि ब्रिटनच्या शिलालेखांत देवांची शेकडो नावे येतात आणि त्यांतली बरीचशी एकाच ठिकाणी, एकदाच. मराठी वाचकाला याचे कोडे पडू नये. आपल्याकडे प्रत्येक गावाची वेस, प्रत्येक घाट, प्रत्येक डोह आपापले दैवत राखून असतो आणि ते दैवत ‘कशाचे’ असे आपण विचारत नाही, ‘कुठले’ असे विचारतो. केल्टांच्या बाबतीत हाच प्रश्न जास्त उपयोगी पडतो. सेक्वाना ही सीन नदीच्या उगमाची देवी. तिथे लोकांनी वाहिलेले लाकडी हात, पाय आणि मुखवटे सापडले आहेत. आपल्याकडे नवसाला चांदीचे डोळे-पाय वाहतात तसेच. सुलिस ही इंग्लंडमधल्या बाथ गावच्या गरम झऱ्याची देवी. रोमन आले आणि तिला ‘सुलिस मिनर्व्हा’ म्हणू लागले. त्या झऱ्यात शिशाच्या पातळ पत्र्यांवर लिहिलेली सुमारे १३० गाऱ्हाणी मिळाली आहेत. कुणाचा अंगरखा चोरीला गेला, कुणाचे हातमोजे. चोर पुरुष असो की स्त्री, गुलाम असो की स्वतंत्र, त्याला सोडू नकोस, असे देवीला कळवळून सांगितले आहे. कोकणात देवळात घातलेले गाऱ्हाणे ज्याने ऐकले असेल त्याला ही भाषा परकी वाटणार नाही.

अपवाद आहेतच. एपोना ही घोड्यांची देवी गावोगाव पोहोचली, कारण रोमन घोडदळाने तिला बरोबर नेले. रोममध्ये १८ डिसेंबरला तिचा सण असे.

३. या कथा कुणी लिहिल्या? त्या किती जुन्या?

ख्रिस्ती मठवासीयांनी लिहिल्या. केल्टांचे पुरोहित, म्हणजे ड्रुइड, आपली विद्या लिहून ठेवत नसत. ती पाठ करायला काहींना वीस वीस वर्षे लागत, असे सीझर सांगतो. वेदपाठशाळांची परंपरा माहीत असलेल्यांना यात नवल वाटणार नाही. पण इथे ती साखळी तुटली आणि विद्या गेली.

आयर्लंडमध्ये पाचव्या शतकात ख्रिस्ती धर्म आला, त्याबरोबर रोमन लिपी आली. मठांतल्या लोकांनी बायबलच्या शेजारी आपल्या मातृभाषेतल्या जुन्या कथाही उतरवल्या. कथांसाठी सर्वांत महत्त्वाच्या हस्तलिखितांपैकी एक, ‘तपकिरी गाईचे पुस्तक’, इ.स. ११०० च्या सुमाराचे आहे. त्याचा एक लेखनिक ११०६ साली क्लोनमॅकनॉइजच्या मठात लुटारूंच्या हातून मारला गेला. ‘लेन्स्टरचे पुस्तक’ बाराव्या शतकातले. काही कथांची भाषा मात्र हस्तलिखितांपेक्षा कितीतरी जुनी, आठव्या-नवव्या शतकातली आहे.

लेन्स्टरच्या पुस्तकात मोठी वीरकथा (प्रश्न १०) संपल्यावर दोन समारोप आहेत. पहिला आयरिशमध्ये: जो ही कथा जशीच्या तशी पाठ करेल त्याला आशीर्वाद. दुसरा लॅटिनमध्ये: मी हे लिहिले खरे, पण माझा यातल्या पुष्कळ गोष्टींवर विश्वास नाही, काही सैतानाची माया आहे, काही कवींची कल्पना. मातृभाषेत आशीर्वाद आणि धर्मभाषेत अविश्वास. या दोन परिच्छेदांसाठी मी त्या पुस्तकापुढे हात जोडते. त्यांनी विश्वास नसतानाही लिहिले, म्हणून आपल्याला वाचायला मिळाले.

४. नावांचे उच्चार कसे करायचे?

रोमन स्पेलिंगकडे न पाहता देवनागरीत लिहून घ्यावे, निम्मे काम होते. या पानावरची नावे साधारण आजच्या आयरिश उच्चाराजवळची आहेत: लू, मेव्ह, कू खुलिन, उशीन, नीव. टेकडीच्या पोटातले देवलोक म्हणजे ‘शी’. हिवाळ्याच्या तोंडावरचा सण म्हणजे ‘साविन’. आयरिश बोलींत फरक आहेत, तेव्हा दुसरीकडे थोडे वेगळे ऐकू आले तर ते चूक समजू नये.

५. तुआहा दे दानन म्हणजे कोण?

आयरिश कथांमधला देवांचा कुळसमूह. ‘तुआहा’ म्हणजे लोक किंवा जमाती, ‘दे’ हा देव या अर्थाच्या शब्दाचा आणि आपल्या ‘देव’चा दूरचा भाऊ. ‘दानन’बद्दल प्रश्न ७ पाहा.

हे लोक उत्तरेकडच्या चार नगरांतून विद्या शिकून आले आणि चार वस्तू घेऊन आले: खरा राजा पाय ठेवील तेव्हा ओरडणारा दगड, लूचा भाला, नूअदाची तलवार आणि दाग्दाची कढई, जिच्यापुढून कुणी उपाशी उठत नसे. आधी त्यांनी फिर बोलग लोकांना हरवले. त्या लढाईत राजा नूअदाचा हात तुटला. अंगात व्यंग असलेला राजा चालत नाही, म्हणून गादी ब्रेसला दिली. त्याचे वडील शत्रूच्या, म्हणजे फोमोरी लोकांच्या कुळातले होते.

ब्रेस देखणा होता आणि कंजूष होता. त्याच्या घरून पाहुणे बाहेर पडत तेव्हा त्यांच्या सुऱ्यांना चरबी लागलेली नसे, तोंडाला मद्याचा वास नसे. एकदा कार्ब्रा नावाचा कवी आला. त्याला अंधाऱ्या, विस्तव नसलेल्या खोपटात ठेवले आणि छोट्या ताटलीत तीन कोरड्या पोळ्या दिल्या. सकाळी कवीने राजावर चार ओळींची निंदाकविता रचली. आयर्लंडमधली ती पहिली निंदाकविता, आणि त्या दिवसापासून ब्रेसचे राज्य खचत गेले. आतिथ्यात कमी पडणारा राजा टिकत नाही, हा या कथेचा कणा आहे.

मग तारा नगरीच्या दारात एक तरुण येतो. द्वारपाल विचारतो, तुझी कला कोणती? कलेशिवाय आत प्रवेश नाही. तो म्हणतो, मी सुतार आहे. आमच्याकडे सुतार आहे. मी लोहार आहे. तोही आहे. मी योद्धा, वीणावादक, कवी, वैद्य... प्रत्येकाला उत्तर तेच. शेवटी तो विचारतो, ‘राजाला विचार, हे सगळे एकट्याला येते असा कुणी आहे का?’ तो लू. त्याच्या नेतृत्वाखाली माग तुरेदच्या दुसऱ्या लढाईत फोमोरी हरतात. त्यांच्यातल्या बालोरचा एक डोळा इतका विषारी असतो की पापणी उचलायला चार माणसे लागतात आणि नजर पडेल ते सैन्य गारद होते. लू गोफणीचा दगड मारून तो डोळा डोक्याच्या मागून बाहेर काढतो, मग ती नजर बालोरच्याच सैन्यावर पडते. बालोर हा लूच्या आईचा बाप.

मला या लढाईचा शेवट फार आवडतो. पकडला गेलेला ब्रेस जीव वाचवायला काय काय देऊ करतो: गाईंना कायम दूध, दर तीन महिन्यांनी पीक. लू दोन्ही नाकारतो, कारण ते ऋतूंच्या विरुद्ध आहे. शेवटी नांगरणी, पेरणी आणि कापणी कधी करावी एवढे सांगण्यावर त्याची सुटका होते.

६. दाग्दा देवांचा बाप, मग त्याचे वर्णन इतके ओबडधोबड का?

त्याच्या नावाचा अर्थ ‘चांगला देव’, म्हणजे प्रत्येक कामात चांगला. त्याच्या गदेच्या एका टोकाने माणसे मरतात, दुसऱ्याने जिवंत होतात. शत्रूच्या छावणीत त्याला खड्ड्यात ओतलेली खीर खायला लावतात. त्यात दूध, पीठ, चरबी, शिवाय शेळ्या, मेंढ्या आणि डुकरे. संपवली नाही तर मृत्यू. तो संपवतो, वर खड्ड्याचा तळ बोटाने चाटूनपुसून घेतो. ज्याच्याकडे सगळ्यांना पुरणारी कढई आहे त्याची भूकही तेवढीच असणार. शेतकरी समाजाचा हा देव आहे आणि त्याचे पोट ही त्याची थोरवी आहे.

७. दानू म्हणजे आपली दानवांची आई दनू का?

आधी शब्दाचे पाहू. ऋग्वेदात दानु ही वृत्राची आई. पहिल्या मंडलातल्या इंद्रसूक्तात ती मेलेल्या मुलाजवळ ‘वासरासह गाय पडावी तशी’ पडलेली आहे. पुराणांत दनू ही कश्यपाची पत्नी आणि दानवांची माता होते. संस्कृतात ‘दानु’चा अर्थ थेंब, दव असाही आहे. पारशांच्या धर्मग्रंथात, अवेस्तात, तोच शब्द नदी या अर्थाने येतो. डॅन्यूब आणि डॉन या नद्यांची नावे याच घराण्यातली मानतात.

आता आयरिश बाजू. जुन्या कथांत ‘दानू’ नावाची देवी कुठेही चालत-बोलत येत नाही. मिळते ते ‘दानन’ हे षष्ठीचे रूप, त्यावरून ‘दानू’ हे मूळ रूप अभ्यासकांनी बांधले आहे. तेव्हा एका प्राचीन शब्दाचे दोन टोकांना उरलेले अंश, ही शक्यता आहे. दोन्हीकडे एकच देवी आहे, असे म्हणण्याइतका पुरावा नाही.

भाषेचे पक्के धागे हवे असतील तर दुसरीकडे बघा. राणी मेव्हच्या नावात मद्याचा अर्थ आहे आणि ते आपल्या ‘मधु’चे नातलग आहे. आयरिशमध्ये गाईला ‘बो’ म्हणतात, ते ‘गो’शी जुळते. बॉइन नदीची देवी बोअन, तिच्या नावाचा अर्थ ‘शुभ्र गाय’ असा लावतात. प्राचीन भूगोलकार टॉलेमीने या नदीचे नाव ‘बुविंदा’ असे नोंदवले आहे. ते वाचून ‘गोविंद’ आठवतोच. पहिला भाग खरोखर तोच आहे. दुसऱ्या भागाचा अर्थ मात्र इथे पांढरा, तिथे मिळवणारा.

८. मॉरिगन युद्धदेवी आहे की मृत्यूची देवी?

नावाचा अर्थ ‘थोर राणी’ किंवा ‘भयराणी’. ती तलवार घेऊन क्वचितच लढते. ती भविष्य सांगते, भडकावते, डोमकावळ्याच्या रूपाने रणावर उतरते. कधी ती एकटी असते, कधी बायव आणि माखा यांच्याबरोबर तीन बहिणींपैकी एक. माग तुरेदच्या दुसऱ्या लढाईच्या आधी (प्रश्न ५) साविनच्या सुमारास ती एका नदीत, दोन्ही काठांवर एकेक पाय ठेवून धूत असताना दाग्दाला भेटते. दोघे एकत्र येतात आणि ती त्याला मदतीचे वचन देते. इथे ती भूमीची देवीही आहे. भूमी ज्याला स्वीकारते तो जिंकतो.

हे भूमीचे नाते आयर्लंडच्या नावातही आहे. नंतर आलेल्या माणसांना एरू, बान्बा आणि फोदला या तीन देवी वाटेत भेटल्या. तिघींनीही मागितले की बेटाला माझे नाव द्या. एरूचे नाव रूढ झाले. आजचे ‘एरा’, म्हणजे आयर्लंड, ते हेच.

९. ब्रिजिद देवी आहे की संत?

दोन्ही आहेत, आणि दोघींच्या मधली रेघ कुठे आहे हे आजही वादाचे आहे. देवी ब्रिजिद ही दाग्दाची मुलगी. सुमारे ९०० सालच्या एका शब्दकोशात ती कवींची देवी आहे आणि तिच्या त्याच नावाच्या दोन बहिणी आहेत, एक वैद्यकाची, दुसरी लोहारकामाची. माग तुरेदच्या त्याच लढाईत तिचा मुलगा रुअदान मरतो तेव्हा ती ओरडून, गाऊन रडते. आयर्लंडमध्ये मेलेल्यासाठी केलेला तो पहिला शोक, असे कथा सांगते.

संत ब्रिजिद किल्डेर मठाची संस्थापक. किल्डेर म्हणजे ‘ओकचे चर्च’. बाराव्या शतकात तिथे गेलेल्या एका वेल्श धर्मगुरूने लिहिले आहे की एकोणीस जोगिणी पाळीपाळीने अग्नी राखतात आणि विसाव्या रात्री ब्रिजिद स्वतः राखते. तिचा दिवस १ फेब्रुवारी, हाच वसंताच्या सुरुवातीचा जुना सण. त्या दिवशी लव्हाळ्याचा क्रॉस विणून दारावर लावतात. २०२३ पासून तिच्या नावाने आयर्लंडमध्ये सार्वजनिक सुट्टी आहे. सणाचा दिवस, अग्नी आणि नाव जुने असावे आणि संतही खरी असावी, यात मला विसंगती दिसत नाही.

१०. कू खुलिनची मुख्य कथा काय आहे?

कथेला ‘तान’ म्हणतात, म्हणजे गुरे पळवण्याची मोहीम. सुरुवात होते अंथरुणात. आयर्लंडच्या पश्चिमेकडच्या कॉनक्ट प्रांताची राणी मेव्ह आणि तिचा नवरा आलिल यांच्यात वाद लागतो, लग्नाच्या वेळी कोण जास्त श्रीमंत होते? भांडीकुंडी, दागिने, मेंढरे, डुकरे, सगळे आणून मोजतात. सगळे सारखे. फक्त आलिलकडे एक पांढऱ्या शिंगांचा बैल जास्त. तो मेव्हच्याच गाईच्या पोटचा, पण बाईच्या मालकीत राहायचे नाही म्हणून राजाच्या कळपात गेलेला. त्याच्या तोडीचा बैल एकच, उत्तरेकडच्या उल्स्टर प्रांतातल्या कूली भागातला तपकिरी बैल. मालक वर्षभरासाठी द्यायला तयार होतो. पण मेव्हचे दूत दारू पिऊन बरळतात की दिला नसता तरी आम्ही नेलाच असता. सौदा मोडतो, मेव्ह चार प्रांतांचे सैन्य घेऊन निघते.

उल्स्टरचे योद्धे त्या वेळी अंथरुणाला खिळलेले असतात (का, ते प्रश्न ११ मध्ये). सीमेवर उभा राहतो एकटा सतरा वर्षांचा मुलगा. त्याचे जन्मनाव सेतांता. लहानपणी कुलन लोहाराच्या राखणदार कुत्र्याने अंगावर झेप घेतली तेव्हा त्याने तो मारला. लोहार हळहळला, तर मुलगा म्हणाला, दुसरे पिल्लू मोठे होईपर्यंत तुझ्या घराची राखण मी करतो. म्हणून तो कू खुलिन, ‘कुलनचा कुत्रा’. मराठीत ही शिवी वाटेल, तिथे तो मान आहे. ज्या दिवशी शस्त्र घेणाऱ्याचे आयुष्य थोडे पण नाव अमर होईल असे भविष्य होते, त्याच दिवशी त्याने शस्त्र घेतले.

तो ओढा पायी ओलांडायच्या उतारावर उभा राहून रोज एकेकाशी लढतो. शेवटी मेव्ह फरदियाला पाठवते. दोघे स्काहाख या शस्त्रगुरू स्त्रीकडे एकत्र शिकलेले, भावांसारखे. तीन दिवस ते लढतात. रात्री एकमेकांना औषधाचा पाला आणि जेवण पाठवतात, त्यांचे घोडे एकाच कुरणात असतात. तिसऱ्या रात्री हे सारे थांबते. चौथ्या दिवशी कू खुलिन पाण्यातून पायाने सोडायचा काटेरी भाला वापरतो. मेलेल्या मित्राला उचलून तो आपल्या काठावर नेतो आणि त्याच्यासाठी रचून रचून शोक करतो. लाउथ परगण्यातल्या त्या गावाचे आयरिश नाव आजही ‘फरदियाचा उतार’ असेच आहे.

शेवटी दोन्ही बैल लढतात. तपकिरी बैल पांढऱ्याचे तुकडे शिंगांवर घेऊन देशभर पळतो, जिथे जो अवयव पडतो तिथे त्या गावाला नाव पडते, आणि घरी पोहोचून तोही मरतो. इतकी माणसे मेली आणि दोघांच्याही हाती काही लागले नाही. गाई-गुरांसाठी झालेल्या लढायांत पडलेल्यांचे वीरगळ आपल्या गावांबाहेर उभे आहेत. त्यांच्याजवळ थांबलेल्या माणसाला ‘तान’ लांबची वाटू नये.

११. ऐन लढाईत उल्स्टरचे सगळे योद्धे आजारी कसे?

माखाच्या शापामुळे. ती एका विधुर शेतकऱ्याच्या घरी न सांगता आली आणि संसार करू लागली. अट एकच: माझ्याबद्दल बाहेर बोलू नकोस. तो जत्रेत राजाच्या घोड्यांसमोर बढाई मारून बसला की माझी बायको यांच्यापेक्षा वेगाने धावते. राजाने तिला आणवले. ती दिवस भरलेली होती. ‘तुम्ही सगळे आईच्या पोटी जन्मलात, बाळंत होईपर्यंत थांबा,’ अशी ती जमलेल्यांना विनवते. कुणी ऐकत नाही. ती धावते, जिंकते आणि शर्यतीच्या टोकाला जुळ्यांना जन्म देऊन शाप देते: सगळ्यांत मोठ्या संकटाच्या वेळी तुम्हाला बाळंतपणाच्या कळा सोसाव्या लागतील, नऊ पिढ्या. कू खुलिन लूचा मुलगा, म्हणून तो सुटला.

एवन माखा, ‘माखाची जुळी’, ही उल्स्टरची राजधानी, आजच्या आर्मा शहराजवळ. तिथे उत्खननात इ.स.पूर्व ९५ च्या सुमारास बांधलेली, चाळीस मीटर व्यासाची प्रचंड लाकडी वास्तू सापडली. ती दगडांनी भरून मुद्दाम जाळली होती. तिथेच उत्तर आफ्रिकेतल्या माकडाची कवटीही मिळाली. कुणीतरी ते माकड तेवढ्या लांबून आणले होते.

१२. ‘गेश’ म्हणजे शाप का?

शापापेक्षा ते व्रताच्या पथ्याजवळ जाते. हे बंधन एका व्यक्तीपुरतेच असते, पाळले तर बळ, मोडले तर नाश. कू खुलिनने कुत्र्याचे मांस खायचे नाही. शिवाय वाटेत चुलीवर शिजलेले कुणी देऊ केले तर नाकारायचेही नाही. शेवटच्या दिवशी तीन म्हाताऱ्या वाटेत कुत्र्याचे मांस भाजत बसलेल्या भेटतात. दोन्हीपैकी एक मोडणारच. तो खातो आणि ज्या हाताने घेतले त्या हातातले बळ जाते. राजा कोनरेच्या कथेत तर एकेक करून सगळी पथ्ये मोडत जातात आणि वाचताना अंगावर काटा येतो.

१३. कू खुलिन आणि फ्युन एकाच काळातले का?

नाहीत. मध्ययुगीन लेखकांच्या हिशेबाने कू खुलिन येशूच्या काळातला. त्याचा राजा क्रुसावरच्या मृत्यूची बातमी ऐकून संतापाने मरतो. फ्युन तिसऱ्या शतकातला, राजा कॉर्मकच्या वेळचा. दोघांचे जगही वेगळे. कू खुलिन एकटा, फ्युनच्या भोवती फियाना ही रानात राहणाऱ्या शिकारी-योद्ध्यांची टोळी. लहानपणी गुरूसाठी ज्ञानाचा रावस मासा भाजताना त्याचा अंगठा पोळला, तो त्याने तोंडात घातला आणि सगळे ज्ञान त्याला मिळाले. त्याचा मुलगा उशीन नीवबरोबर चिरतारुण्याच्या देशात जातो. तीन वर्षे राहिलो असे वाटून परततो तर तीनशे वर्षे गेलेली. घोड्यावरून पाय जमिनीला लागतात आणि तो जर्जर म्हातारा होतो.

वीर म्हणून फ्युन मला अधिक माणूस वाटतो, आणि ते त्याच्या दोषामुळे. त्याची वाग्दत्त वधू ग्रॉन्या तरुण दीर्मिदबरोबर पळते. वर्षांनंतर बेन बुल्बन डोंगरावर रानडुकराने फाडलेला दीर्मिद पाणी मागतो. फ्युनच्या ओंजळीतून पाजलेले पाणी जीव वाचवते. तो दोनदा आणतो आणि ग्रॉन्याची आठवण येऊन दोनदा बोटांतून गळू देतो. तिसऱ्यांदा आणेपर्यंत उशीर झालेला असतो.

१४. वेल्सच्या कथांत हेच देव आहेत का?

काही नावे भावंडे आहेत: आयरिश लू, वेल्श लेउ, गॉलचा लुगुस. फ्रान्समधल्या लिऑन शहराच्या जुन्या नावात, लुगदुनुममध्ये, तोच असावा असे मानतात. पण कथा वेगळ्या. लेउला आईचा शाप असतो की मानवजातीतली बायको मिळणार नाही. म्हणून दोन जादूगार ओक, ब्रूम आणि मेडोस्वीट या झाडाझुडपांच्या फुलांपासून ब्लोदेइवेद घडवतात. तिला कुणी विचारत नाही. ती दुसऱ्यावर प्रेम करते, कट करते आणि शिक्षा म्हणून घुबड होते. शिवाय रिआनन आहे, जिच्यावर स्वतःचे बाळ मारल्याचा खोटा आळ येतो. या कथा चौदाव्या शतकातल्या दोन हस्तलिखितांमुळे वाचल्या. आर्थर राजाही मुळात या वेल्श परिसरातला आहे.

१५. हॅलोविन हा ‘साविन’ देवाचा सण आहे का?

साविन नावाचा देव नाही. ते सणाचे नाव आहे, ३१ ऑक्टोबरची संध्याकाळ आणि १ नोव्हेंबर. गुरे डोंगरावरून खाली आणण्याचा, हिवाळा सुरू होण्याचा काळ. या रात्री ‘शी’ टेकड्यांची दारे उघडी असतात, म्हणून कथांतल्या कितीतरी घटना याच दिवशी घडतात. मुले वेश बदलून दारोदार फिरतात, ही चाल आयर्लंड-स्कॉटलंडमधून अमेरिकेत गेली. भोपळा कोरून दिवा करायची चाल मात्र अमेरिकेतलीच. आयर्लंडमध्ये सलगम कोरत.

१६. न्यूग्रेंज आणि स्टोनहेंज केल्टांनी बांधले ना?

दोन्ही त्यांच्या आधीची. न्यूग्रेंजचे दगडी थडगे सुमारे इ.स.पूर्व ३२०० चे. त्यावरची तिहेरी नागमोड ‘केल्टिक चिन्ह’ म्हणून विकली जाते, तीही तेवढीच जुनी. पण आयरिश लोकांनी ही वास्तू आपल्या कथांत घेतली. दाग्दाचा मुलगा एंगस याने ती दाग्दाकडून ‘दिवस आणि रात्र’ राहायला मागितली. मुदत संपल्यावर तो म्हणाला, सगळा काळ दिवस आणि रात्र यांचाच बनलेला असतो, आणि कायमचा राहिला. १९६७ साली २१ डिसेंबरच्या पहाटे पुरातत्त्वज्ञ मायकेल ओ’केली आत उभे होते. त्यांनी सूर्यकिरण दाराच्या वरच्या खिडकीतून थेट गाभाऱ्यापर्यंत आलेला पाहिला. दिवस आणि रात्र जिथे वळतात, त्या जागेबद्दल कथा नेमके तेच शब्द बोलते.

१७. ‘केल्टिक वृक्षराशी’ खऱ्या आहेत का?

नाहीत. त्या विसाव्या शतकातल्या एका इंग्रज कवीच्या कल्पनेतून निघाल्या. केल्टांचे खरे पंचांग १८९७ साली फ्रान्समधल्या कोलिन्यी इथे सापडलेल्या कांस्यपत्र्याच्या तुकड्यांवर आहे. त्यात चांद्रमास आहेत, ठराविक काळाने अधिक महिना धरलेला आहे आणि प्रत्येक महिन्याचे दोन भाग पाडले आहेत. अधिकमास आणि पक्ष घरच्या कॅलेंडरवर पाहणाऱ्या आपल्याला ते वाचायला वृक्षराशींपेक्षा सोपे जाईल.

१८. हे देव मरतात का? एका कथेत मेलेला लू दुसऱ्या कथेत जिवंत कसा?

मठवासीयांनी या देवांना इतिहासातली माणसे म्हणून बसवले, बायबलच्या कालगणनेत त्यांची राज्ये मोजली, आणि माणूस म्हटला की मरण आलेच. त्या हिशेबाने बालोरने नूअदाला मारले, लू उश्नाख टेकडीपाशी मारला गेला. पण दुसऱ्या कथा म्हणतात की माणसांकडून हरल्यावर जमीन वाटून घेतली गेली: वरची माणसांना, खालची देवांना. ते टेकड्यांच्या पोटात गेले आणि तिथेच आहेत. ‘तान’मध्ये कू खुलिन जखमांनी थकलेला असताना शत्रूच्या छावणीतून एक उंच पुरुष चालत येतो, कुणालाच न दिसणारा. तो म्हणतो, मी तुझा बाप, शीमधून आलो आहे. तू झोप, तीन दिवस तीन रात्री मी पहारा देतो. दोन्ही परंपरा हस्तलिखितांत शेजारी शेजारी राहिल्या आहेत. त्यांचा मेळ घालू नये.

१९. मी डब्लिनमध्ये नोकरीला आहे. एका-दोन दिवसांत काय पाहू?

ओ’कॉनेल रस्त्यावरच्या मुख्य टपाल कचेरीपासून सुरुवात करा. आत मरत्या कू खुलिनचा कांस्य पुतळा आहे. खाली पडलो तर शत्रू जवळ येतील, म्हणून त्याने स्वतःला उभ्या दगडाला बांधून घेतले आणि खांद्यावर पक्षी बसला तेव्हाच तो मेला हे शत्रूला कळले. १९१६ च्या ब्रिटिश राजवटीविरुद्धच्या उठावाचे स्मारक म्हणून तो तिथे ठेवला आहे. मग मीथ परगण्यात तारा टेकडी. तिथे हिरवळीवर ‘नियतीचा दगड’ उभा आहे, हात लावता येतो. न्यूग्रेंजला आधी आरक्षण करा. २१ डिसेंबरच्या आसपासच्या पहाटेसाठी सोडत निघते, तिच्यात नाव घाला. मुले बरोबर असतील तर वेस्टमीथमधल्या देरावारा तळ्याकाठी जा. सावत्र आईने लेरच्या चार मुलांना हंस केले आणि पहिली तीनशे वर्षे ते याच पाण्यावर होते. त्यांचा आवाज आणि भाषा तिने काढून घेतली नव्हती. त्यांचे गाणे ऐकायला सारे लोक या काठावर येऊन बसत.